वाचकांचे प्रश्न : फीत लागली म्हणजे शिक्षेचा अधिकार मिळाला का?

लष्करातल्या जवानांच्या घरच्यांकडून आणि माजी सैनिकांकडून आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. विषय एकच आहे. लान्स नायक, नायक, हवालदार, कंपनी हवालदार मेजर (सीएचएम) हे बाहीवर फीत लावणारे एनसीओ (नॉन-कमिशन्ड ऑफिसर), क्वचित एखादे सुभेदारसाहेब, म्हणजे जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर), यांनी परस्पर दिलेल्या ‘छोट्या’ शिक्षा. उत्तरे आर्मी ॲक्ट १९५० आणि आर्मी रूल्स १९५४ यांना धरून दिली आहेत.

एक विनंती आधीच करतो. सेवेत असलेल्या जवानाने स्वतः आम्हाला पत्र लिहू नये. आर्मी रूल्सचा २१ वा नियम सेवेच्या विषयावर परवानगीशिवाय छापील माध्यमांशी संपर्क साधायला मनाई करतो. गाऱ्हाणे खरे असले तरी त्यातून नवाच गुन्हा अंगाला चिकटतो.

माझा मुलगा अग्निवीर आहे. परेडला टर्नआउट (गणवेशाची टापटीप) खराब म्हणून सेक्शनच्या हवालदाराने त्याला पंधरा दिवस रोज रात्रीची गार्ड लावली आणि रजाही बंद केली. हवालदाराला एवढा अधिकार असतो का?
— एक वडील, सातारा जिल्हा

नसतो. दोन्हीपैकी एकही शिक्षा तो देऊ शकत नाही, आणि दोन्हींची कारणे वेगळी आहेत.

कोर्ट मार्शलशिवाय जवानाला किंवा एनसीओला शिक्षा देण्याचा अधिकार कलम ८० मध्ये आहे. तो कमांडिंग ऑफिसरला, म्हणजे सीओला आहे, आणि केंद्र सरकारच्या संमतीने लष्करप्रमुखांनी नेमून दिलेल्या इतर ऑफिसरांना आहे. या कायद्यात ‘ऑफिसर’ शब्दाची जी व्याख्या आहे तिच्यात जेसीओ आणि एनसीओ येतच नाहीत. म्हणून हवालदारच काय, सुभेदार मेजरही कलम ८० ची शिक्षा देऊ शकत नाही.

त्या कलमात शिक्षांची यादी दिली आहे : लष्करी कोठडीत २८ दिवसांपर्यंत कैद, २८ दिवसांपर्यंत डिटेन्शन (स्थानबद्धता), २८ दिवसांपर्यंत लाइनबंदी (बॅरॅकच्या आवाराबाहेर जायला मनाई), जादा गार्ड किंवा ड्यूटी, नेमणुकीची जागा काढून घेणे, एनसीओची ॲक्टिंग रँक काढणे, सेवा-वर्तनाबद्दलचा भत्ता बंद करणे, ताकीद किंवा सक्त ताकीद, एका महिन्यात १४ दिवसांच्या पगारापर्यंत दंड, नुकसानीची पगारातून वसुली. प्रत्यक्ष युद्धसेवेवर असताना फील्ड पनिशमेंटही आहे. जादा गार्ड या यादीत आहे, पण ती देणारा सीओ आहे. रजा बंद करणे यादीतच नाही, म्हणजे शिक्षा म्हणून रजा सीओसुद्धा कापू शकत नाही.

इथे एक बारकावा आहे आणि बहुतेक तक्रारी त्याच्यावरच अडखळतात. रजा हा हक्क नाही. नेहमीच्या जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस कॅज्युअल रजा, अग्निवीराला वर्षाला ३० दिवस रजा ठरलेली असली, तरी युनिटच्या गरजेप्रमाणे ती पुढे ढकलता येते. गार्डचे तसेच आहे. रोस्टर लावणे हे सीएचएमचे रोजचे काम आहे आणि पाळी आली की ड्यूटी करायचीच असते. खालच्या पातळीवरचा गैरवापर नेमका इथे लपतो. एनसीओच्या हातात शिक्षेचा अधिकार नसतो, पण रोस्टर असते, रजेच्या यादीवरची शिफारस असते, आउटपास (बाहेर जाण्याची परवानगी) असतो, फटीगला (अंगमेहनतीच्या कामाला) कोणाला पाठवायचे ते असते. शिक्षा द्यायची ती ‘ड्यूटी’ म्हणून दिली जाते आणि कागदावर शिक्षा कुठेच दिसत नाही.

म्हणून मुलाला सांगा, ‘माझ्यावर अन्याय झाला’ एवढ्याने भागणार नाही. त्याने छोट्या वहीत तारीख, ड्यूटीची वेळ, त्याच दिवशी सेक्शनमधल्या इतरांच्या ड्यूटी, आणि हवालदार काय बोलला ते शब्द लिहून ठेवावेत. पोस्टची जागा, शस्त्रे, मनुष्यबळाचे आकडे किंवा गार्डची मांडणी त्या वहीत येऊ देऊ नये. सलग पंधरा रात्री एकच माणूस आणि बाकीचे आठ जण पाळीपाळीने, हे चित्र दाखवता आले की कंपनी कमांडरला फार समजवावे लागत नाही.

आणि गार्डला नकार द्यायचा नाही. आधी हुकूम, मग गाऱ्हाणे. कायदेशीर हुकूम मोडणे हा कलम ४१ खालचा गुन्हा आहे. शांततेच्या काळातही त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि गार्ड ड्यूटीचा हुकूम वरवर पाहता कायदेशीरच ठरतो. नकार दिला की त्या दिवसापासून हवालदाराची चूक बाजूला पडते आणि मुलाच्या गुन्ह्याची चर्चा सुरू होते.

मी २८ वर्षे नोकरी करून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. रगडा (अंगमेहनतीची शिक्षा) दिल्याशिवाय रिक्रूट घडत नाही असे माझे मत आहे. उस्तादांचे (प्रशिक्षण देणाऱ्यांचे) हात बांधले तर शिस्त राहील का?
— माजी सुभेदार, कोल्हापूर जिल्हा

सुभेदारसाहेब, तुमच्या प्रश्नाला मान देऊन सरळ उत्तर देतो. उस्तादाचे हात कायद्याने बांधलेले नाहीत. चूक झाली तिथेच टोकणे, तोच ड्रिल पुन्हा करून घेणे, रायफल नीट साफ नसेल तर संध्याकाळी आपल्यासमोर पुन्हा साफ करून घेणे, बीपीईटीत (शारीरिक क्षमतेच्या चाचणीत) मागे पडणाऱ्याला सकाळी वेगळे धावायला नेणे, हे सगळे प्रशिक्षण आहे आणि ते त्याचे कामच आहे. सुधारण्याचे काम चुकीशी जोडलेले असते, चूक सुधारली की संपते आणि कंपनीच्या ऑफिसरसमोर बिनधास्त सांगता येते. यातले एकही लक्षण नसेल तर ती शिक्षा झाली.

टर्नआउट खराब म्हणून भर दुपारी पिट्ठू (पाठीवरची सामानाची पिशवी) चढवून दोन तास फ्रंट रोल, किंवा मोबाइल सापडला म्हणून पाचशे उठाबशा, यांत टर्नआउटही सुधारत नाही आणि मोबाइलचा प्रश्नही सुटत नाही. शारीरिक धोका मात्र खरा आहे आणि तो प्रत्येक उस्तादाला पाठ असायला हवा.

पहिला धोका उष्माघाताचा. अंगात शर्ट, वर पिट्ठू, वारा नाही, प्यायला पाणी नाही, अशा वेळी शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. जवान बरळायला लागतो, तोल जातो, कधी उलटी होते. अनेकदा घाम येतच असतो, म्हणून ‘घाम येतोय, म्हणजे ठीक आहे’ हे गृहीत धरणे घातक आहे. अशा वेळी आधी गार करायचे आणि मग हलवायचे. कपडे-बूट काढा, सावलीत न्या, मिळेल तेवढे थंड पाणी अंगावर सतत ओता, वारा घाला, आणि त्याच वेळी कोणाला तरी एमआय रूमकडे (युनिटच्या दवाखान्याकडे) पळवा. गाडी येईपर्यंत नुसते आडवे ठेवले तर तीच मिनिटे जिवावर बेततात.

दुसरा धोका कमी ओळखला जातो. सवय नसलेले स्नायू शेकडो वेळा एकाच हालचालीने फाटले की त्यांतले घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडे बंद पडू शकतात. एक-दोन दिवसांनी मांड्या दगडासारख्या घट्ट, असह्य दुखणे आणि चहा किंवा कोलासारखी गडद लघवी, ही त्याची खूण. अशा जवानाला ‘नाटक करतोय’ म्हणून परत परेडला उभे केले तर काय होईल ते तुम्हीच समजू शकता. त्याला त्याच क्षणी डॉक्टरकडे न्यायला हवे.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. कलम ४७ प्रमाणे ऑफिसर, जेसीओ किंवा एनसीओने हाताखालच्या माणसावर बळ वापरले किंवा त्याला दुसऱ्या कोणत्याही प्रकारे वाईट वागवले, तर कोर्ट मार्शलमध्ये सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. थोबाडीत मारणे त्यात येते आणि मुर्गा बनवून उन्हात ठेवणेही येते. ‘आमच्या वेळी असेच होते’ हा त्यावर बचाव होत नाही.

शिस्तीबद्दल आमचे मत तुमच्यापेक्षा वेगळे आहे. रगडा जास्त देणारा एनसीओ बहुधा नवी फीत लागलेला असतो. वरून तपासणीचा दबाव असतो, हाताखाली कालपर्यंत बरोबरीने जेवणारी मुले असतात, आणि ऑफेन्स रिपोर्ट (गुन्ह्याचा लेखी अहवाल) लिहायला तो कचरतो, कारण लिहिले की वरचे विचारतात, ‘तुला एक सेक्शन सांभाळता येत नाही?’ त्याला हा प्रश्न विचारणे बंद झाले तर निम्मे रगडे आपोआप थांबतील. तुमच्यासारख्या अनुभवी जेसीओंनी नव्या नायकाला पहिल्याच महिन्यात ऑफेन्स रिपोर्ट कसा लिहायचा हे शेजारी बसवून शिकवले, तर शिस्तीचे मोठे काम होते.

एकाची बेल्ट हरवली म्हणून पूर्ण बॅरॅकला रात्रभर बाहेर उभे केले. एकासाठी सगळ्यांना शिक्षा चालते का?
— एक विद्यार्थी, बेळगाव

सामूहिक शिक्षेचे एकच उदाहरण कायद्यात आहे, ते कलम ८९ मध्ये. शस्त्र किंवा शस्त्राचा भाग हरवला वा चोरीला गेला, कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा अहवाल आला, तर आर्मी, कोअर, डिव्हिजन किंवा स्वतंत्र ब्रिगेडच्या कमांडरला त्या तुकडीवर सामूहिक दंड लावता येतो. म्हणजे शस्त्रच लागते, चौकशी लागते आणि किमान ब्रिगेडचा कमांडर लागतो. बेल्ट आणि बॅरॅकचा हवालदार यांत यातले काहीच नाही.

माझे मिस्टर सांगतात की उशिरा आल्याबद्दल प्लाटूनमध्ये २०० रुपये ‘दंड’ जमा करतात. एका साहेबांच्या घरची भाजी, मुलांना शाळेत सोडणे हेही करावे लागते. नाही म्हटले तर रजेची फाइल पुढे जात नाही.
— एक पत्नी, सांगली जिल्हा

ताई, ही दोन वेगळी गाऱ्हाणी आहेत. ती वेगळीच मांडायला हवीत.

दंडाबद्दल : जवानाच्या पगारातून कायद्याने परवानगी दिलेल्या कपातीखेरीज काहीही कापता येत नाही, असे कलम २५ सांगते. दंडाची शिक्षा सीओ देतो आणि तिची नोंद होते. हातात रोख घेऊन डब्यात टाकलेले पैसे हा दंड नव्हे. ते पैसे नंतर चहापाण्याला वापरले, सगळ्यांच्या संमतीने ठरले होते, असे सांगितले जाईल. त्याने फरक पडत नाही, कारण नकार देणाऱ्याला संमतीचा पर्याय नव्हता.

घरकामाबद्दल : कलम ५३ मध्ये अधिकार नसताना कोणाकडून पैसा, धान्य किंवा ‘सेवा’ उकळणे हा गुन्हा आहे आणि त्याला दहा वर्षांपर्यंत कैद आहे. ऑफिसरच्या मदतीला सहायक म्हणून नेमलेल्या जवानाची गोष्ट वेगळी मोजली जाते, पण त्यालाही गणवेश, हत्यार, निरोप अशी लष्करी कामे अभिप्रेत आहेत. साहेबांच्या मुलांची शाळा त्यात बसत नाही.

मिस्टरांनी तोंडावर वाद घालू नये. ‘साहेब, कंपनीची ड्यूटी आहे, सीएचएमना विचारून येतो’ असे म्हणून तिथून निघावे आणि त्याच दिवशी सीएचएम किंवा सीनियर जेसीओंना कळवावे. मागितलेले पैसे, तारीख आणि कोणासमोर मागितले, एवढे टिपून ठेवावे. ऑनलाइन पाठवले असतील तर त्या व्यवहाराची नोंद पुसू नये.

तक्रार नेमकी कुठे आणि कशी करायची? आम्ही घरून मंत्र्यांना पत्र पाठवले तर चालेल का?
— एक आई, रत्नागिरी जिल्हा

जवानासाठी रस्ता कलम २६ मध्ये आहे. कंपनीत असलेला जवान कंपनी कमांडरकडे गाऱ्हाणे नेतो. तक्रारच कंपनी कमांडरविरुद्ध असेल तर त्याच्या वरच्या ऑफिसरकडे, म्हणजे बहुधा सीओकडे. तक्रार घेणाऱ्या ऑफिसरने शक्य तितकी पूर्ण चौकशी केली पाहिजे, असे कायदा बजावतो. त्यात त्याच्या मर्जीचा प्रश्न येत नाही.

प्रत्यक्षात पहिली पायरी ‘ओसी इंटरव्यू’ची, म्हणजे कंपनी कमांडरच्या भेटीची. प्लाटून हवालदाराकडून सीएचएमपर्यंत नाव जाते आणि वेळ मिळते. मध्येच कोणी विचारते, ‘कशासाठी?’ त्याला ‘वैयक्तिक अडचण आहे’ एवढे सांगितले तरी पुरते. नाव पुढे गेलेच नाही तर दरबारात किंवा सैनिक संमेलनात (ऑफिसर सगळ्या जवानांना एकत्र भेटतात त्या सभेत) उभे राहून ‘साहेब, मला इंटरव्यू हवा आहे’ एवढेच बोलावे. सगळी कहाणी दरबारात मांडली तर ज्याच्याबद्दल तक्रार आहे तो सावध होतो आणि ऑफिसरलाही सगळ्यांसमोर त्याची बाजू घ्यावी लागते.

लेखी तक्रार एका पानात बसवावी. आपला नंबर, रँक, नाव. काय झाले, कोणत्या तारखेला, कोण हजर होते. काय हवे आहे. शेवटचा मुद्दा हमखास राहतो. ‘मला न्याय मिळावा’ यावर ऑफिसर काय करणार? ‘माझी रजेची फाइल शिफारशीसह पुढे पाठवावी’, ‘माझे रोस्टर तपासावे’ असे लिहिले तर तो उद्याच करू शकतो. प्रत एक स्वतःकडे आणि दिल्याची तारीख नोंदवलेली.

तीन चुका टाळाव्यात. एक, पाच जणांच्या सह्यांचा एकत्र अर्ज. गाऱ्हाणे एकच असले तरी प्रत्येकाने आपापले द्यायचे. एकत्र सह्या म्हणजे सामूहिक बेशिस्त असा अर्थ निघतो आणि तो फार महागात पडतो. दोन, खात्री नसलेले आरोप. कलम ५६ प्रमाणे तक्रारीत जाणूनबुजून कोणाची खोटी बदनामी केली किंवा महत्त्वाची गोष्ट दडवली तर पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे लिहावे. तीन, व्हिडिओ काढून सोशल मीडियावर टाकणे. २०१७ च्या जानेवारीत तसे व्हिडिओ गाजले, तेव्हा तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी मुख्यालयांत तक्रारपेट्या ठेवण्याची घोषणा केली आणि सोशल मीडियाऐवजी त्या वापरा असे सांगितले.

खाली दाद मिळाली नाही तर वरच्या पायऱ्या लष्करप्रमुखांपर्यंत आणि केंद्र सरकारपर्यंत जातात. त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण, ज्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. तिथे जाण्याआधी आतले मार्ग वापरलेले असावे लागतात; दिलेल्या तक्रारीवर सहा महिन्यांत निर्णय आला नाही तरी दार उघडते. अंतिम आदेश आल्यावर अर्जाची मुदत सहा महिन्यांची आहे. पण रजेचा विषय न्यायाधिकरणाच्या कक्षेतून कायद्यानेच वगळला आहे. नुसत्या रजेच्या भांडणासाठी वकिलाला पैसे देण्याआधी हे लक्षात ठेवा.

आता तुमच्या पत्राबद्दल. आईवडिलांनी पत्र लिहायला कायद्याची आडकाठी नाही, पण मंत्र्यांचे पत्र फिरून शेवटी युनिटमध्येच येते, उशिरा आणि सगळ्यांच्या नजरेखालून. सीओंच्या नावाने साधे, नम्र पत्र लवकर पोहोचते. मजकूर जमत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, अशा कामात ते मदत करतात.

एका परिस्थितीत मात्र पत्राची वाट पाहू नका. मुलगा फोनवर ‘आता सहन होत नाही’, ‘सगळे संपवतो’ असे बोलला, किंवा झोप-जेवण सुटले आहे असे जाणवले, तर त्याच तासाला युनिटला फोन करून सुभेदार मेजर किंवा ॲडज्युटंट (सीओंच्या कार्यालयाचे काम पाहणारे ऑफिसर) यांना सांगा : त्याला हत्याराच्या ड्यूटीवर पाठवू नका, एकटे ठेवू नका, डॉक्टरकडे न्या. तक्रारीचे नंतर पाहता येईल.

भावाची सीओंसमोर पेशी (आरोपाची सुनावणी) झाली. टोपी-बेल्ट काढून उभे केले, ‘गुन्हा कबूल?’ विचारले आणि सात दिवस लाइनबंदी दिली. त्याला बोलूच दिले नाही. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, नाशिक

टोपी-बेल्ट काढणे ही ऑर्डरली रूमची, म्हणजे अशा पेशीची, रीत आहे, तो अपमान समजू नये. बोलू न देणे मात्र चूक आहे. आर्मी रूल्सच्या २२ व्या नियमाप्रमाणे आरोप आरोपीसमोर ऐकायचा असतो. त्याला विरुद्ध साक्षीदाराला प्रश्न विचारण्याची, स्वतःचा साक्षीदार बोलावण्याची आणि आपले म्हणणे मांडण्याची पूर्ण मोकळीक असते. पुराव्यातून गुन्हा दिसत नसेल तर सीओंनी आरोप फेटाळलाच पाहिजे.

अडचण अशी की पेशी पाच मिनिटांत उरकते आणि आधी कोणीतरी कानात सांगितलेले असते, ‘कबूल कर, लवकर सुटशील.’ गुन्हा मान्य नसेल तर तसे स्पष्ट बोलावे आणि साक्षीदाराचे नाव तिथेच घ्यावे. कलम ८० मध्ये ‘मला कोर्ट मार्शल द्या’ असे मागण्याचा हक्क नाही, त्यामुळे बाजू मांडायची जागा हीच आहे.

मर्यादाही तपासा. कैद, डिटेन्शन आणि लाइनबंदी एकत्र दिल्या तरी एकूण ४२ दिवसांच्या वर जात नाहीत. एनसीओला या तिन्ही देता येत नाहीत आणि ताकीद साध्या जवानाला देता येत नाही. भाऊ नायक असेल तर त्याची लाइनबंदी मुळातच बेकायदा आहे. एकदा कलम ८० खाली निकाल झाला की त्याच गुन्ह्यासाठी कलम १२१ प्रमाणे पुन्हा खटला किंवा शिक्षा होत नाही. म्हणजे पेशीनंतर हवालदाराने ‘माझ्याकडूनही घे’ म्हणून रगडा देणे दुप्पट चुकीचे.

चार लाल नोंदी (शिक्षेच्या लाल शाईतल्या नोंदी) झाल्या की घरी पाठवतात, हे खरे का?
— माजी नायक, अहिल्यानगर

आपोआप नाही. चार रेड इंक एंट्रींनंतर सेवामुक्तीचा विचार होतो, तो आर्मी रूल्सच्या १३ व्या नियमाखाली. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१५ मध्ये स्पष्ट केले की नुसत्या चार नोंदी पुरेशा नाहीत. आधी प्राथमिक चौकशी हवी, आणि गुन्ह्यांचे स्वरूप, सेवेची वर्षे, कठीण ठिकाणी केलेली नोकरी यांचा विचार हवा. म्हणून कारणे दाखवा नोटिशीला दोन ओळींचे माफीपत्र देऊ नये. प्रत्येक नोंद कशाबद्दल होती, कुठे पोस्टिंग होते, हे क्रमाने लिहावे. एनसीओने परस्पर दिलेल्या रगड्याची लाल-काळी कोणतीच नोंद होत नाही. कोणी तशी धमकी देत असेल तर ती पोकळ आहे.

रगड्यात गुडघा दुखावला. एमआय रूममध्ये ‘खेळताना पडलो’ असे सांगायला लावले. पुढे काही अडचण येईल?
— एक पत्नी, पुणे जिल्हा

येईल, आणि ती बरीच वर्षांनी येईल. दुखापत सेवेमुळे झाली की नाही हे अपंगत्व पेन्शनच्या वेळी पहिल्या कागदावरून ठरवतात. खेळ युनिटचा अधिकृत होता का, कोण हजर होते, हे तेव्हा विचारले जाते आणि खोट्या कारणाला साक्षीदार नसतो. मिस्टरांनी आरएमओंना (युनिटच्या डॉक्टरांना) एकट्यात भेटून खरे कारण सांगावे, ते वैद्यकीय कागदावर लिहून घ्यावे आणि इन्जुरी रिपोर्ट भरला का ते विचारावे. जितके दिवस जातील तितकी दुरुस्ती अवघड होते.

आमचा मुलगा सीआरपीएफमध्ये आहे. हेच नियम त्याला लागू होतात का?
— एक वडील, बुलढाणा

नाही. सीआरपीएफचा कायदा १९४९ चा आणि बीएसएफचा १९६८ चा, दोन्ही वेगळे आहेत. सशस्त्र सेना न्यायाधिकरणही त्यांच्यासाठी नाही, तिथे उच्च न्यायालयात जावे लागते. माहिती अधिकारातही फरक आहे. ही दोन्ही दले त्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत असल्याने भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाचे विषय सोडता माहिती नाकारू शकतात. लष्कर त्या अनुसूचीत नाही, म्हणून वरच्या पत्रांतल्या कुटुंबांना पेशीच्या किंवा सेवानोंदीच्या कागदांसाठी जवानाच्या स्वतःच्या नावाने दहा रुपयांच्या शुल्कासह अर्ज करता येतो. उत्तराची मुदत ३० दिवस आहे.